नागसेनवनाची वाटचाल

अंबड तालुक्यातील अंकुशनगर आज समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. १९५० साली इथे कारखाना नव्हता आणि हे नावही नव्हते. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. तोवर अंबडचा कारभार औरंगाबादेतून चाले. गोदाकाठच्या गावांतला दलित मुलगा मॅट्रिक झालाच, तर पुढची वाटही औरंगाबादचीच होती. त्या वाटेवर, औरंगाबादच्या नागसेनवनात, मिलिंद महाविद्यालय उभे राहिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. दुसऱ्या महाविद्यालयासाठी त्यांनी मराठवाडा निवडला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्येच मागासलेल्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या होत्या. मराठवाडा निजामाच्या मुलखात होता; तिथे तसले काही घडले नव्हते. हैदराबाद लांब, उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू, घरी दोन वेळची भ्रांत. निजामी राजवट जाऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तोच जून १९५० मध्ये वर्ग सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली.

महाविद्यालय दलितांच्या उन्नतीसाठी निघाले, पण दार सर्व जातींना उघडे राहिले. संस्थेचे मोठेपण इथेच आहे. अमेरिकेत काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या त्या १७ मे १९५४ रोजी. १९५७ मध्ये लिटल रॉकला नऊ मुलांना शाळेत पोहोचवायला सैन्य लागले. नागसेनवनात सगळ्या जातींची मुले त्याआधीच एका वर्गात बसत होती. अर्थात, गावाकडे पाणवठे वेगळेच होते. शिष्यवृत्ती लांबली की खाणावळीचे पैसे थकत. काहींचे शिक्षण तिथेच थांबे.

प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी सुरुवातीच्या काळात संस्थेची घडी बसवली. त्यांचे 'युगयात्रा' हे नाटक इथलेच. अमेरिकेत शिकून आलेले प्राचार्य म. ना. वानखडे यांनी निग्रो साहित्याची ओळख करून दिली. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक याच वातावरणात वाढले. दलित साहित्याचे एक मोठे दालन या आवारात उघडले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला आणि खेड्यापाड्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. शिकलेला दलित अनेकांच्या डोळ्यांत खुपत होता. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

आज नागसेनवनात कला, विज्ञान, वाणिज्य आणि विधी शाखांची महाविद्यालये आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. आपल्याकडे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेले, मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदीची मुभा देणारे कलम १५(४) कायम आहे. सत्तरी ओलांडलेल्या संस्थेच्या जुन्या वास्तूंची देखभाल मात्र कलमाने होत नाही. इथे शिकून नोकरीला लागलेल्या प्रत्येकाने त्यासाठी वर्षातून एकदा तरी हात सैल करावा.