रत्नागिरीच्या मेळ्यांचे गाणे

समूहगान ही वस्तू आमच्याकडे नाट्यगृहातून आलेली नाही; ती वारीच्या वाटेवरून आणि भजनी मंडळांतून आली. टाळाच्या एका ठेक्यावर शंभर कंठ जुळतात हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. परंतु त्या शंभरांत कोणाचा कंठ असावा, आणि गाणाऱ्याने कोठे उभे राहावे, हे गाण्याच्या रंगात बहुधा कोणी विचारीत नसे. चोखोबांचे अभंग देवळात गाइले जात. चोखोबांच्या ज्ञातीचे लोक मात्र देवळाबाहेर. रत्नागिरीत हा प्रश्न १९२४ नंतर उघड्यावर आला.

त्या वर्षी ६ जानेवारीस विनायक दामोदर सावरकर येरवड्याहून सुटले ते जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या व राजकारणात न पडण्याच्या अटींवर. या अटी १९३७ पर्यंत राहिल्या. राजकारण वर्ज्य झाल्यावर त्यांनी समाजकारणाला हात घातला. शाळांतून अस्पृश्यांची मुले निराळी बसविली जात. ती इतरांच्या रांगेत बसावीत म्हणून खटपट झाली, आणि तिच्या जोडीला गाणे आले. त्याचे साधन तयारच होते. पुण्यात १८९४ पासून गणेशोत्सवात मेळे निघत: एकसारख्या पोशाखातली मुले, तालावर पडणारी पावले, प्रसंगास रचलेली पदे. रत्नागिरीच्या अखिल हिंदू गणेशोत्सवात हाच मेळा अस्पृश्य मुलांसह उभा राहिला. देवदर्शनाची याचना करणारे एक पद सावरकरांनी त्या मुलांच्या तोंडी मुद्दाम घातले. पुढे पूर्वास्पृश्य तरुणांचे बँडपथकही निघाले.

यातली युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. विटाळ स्पर्शाचा आणि सावलीचा मानीत; स्वराला विटाळ लावण्याची सोय शास्त्रीमंडळींनी केलेली नव्हती. ज्याला ओटीवर घेता येत नाही त्याचे गाणे ओटीवर बसून ऐकता येते, आणि एकदा ऐकले की न ऐकल्यासारखे करणे अवघड जाते. पुढचा प्रश्न पायरीचा होता. विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात पूर्वास्पृश्यांनी जावे की नाही, यावर १९२९ साली शहरात मोठा वाद माजला. त्याच वर्षी १० मार्च रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते पतितपावन मंदिराची कोनशिला बसली, आणि २२ फेब्रुवारी १९३१ रोजी ते सर्व हिंदूंस खुले झाले. खर्च भागोजीशेठ कीर यांचा. हे मुंबईत बांधकामावर श्रीमंत झालेले भंडारी गृहस्थ होते; उच्चवर्णीय नव्हते, ही गोष्ट विसरली जाते. या मंदिरात गाणाऱ्याला पायरीवर थांबावे लागत नव्हते.

तथापि या गाण्याचे आम्हांस निर्भेळ कौतुक करवत नाही. ‘अखिल हिंदू’ या नावातच त्याची सीमा होती. रत्नागिरीच्या मुसलमान शेजाऱ्यांस त्या मेळ्यात जागा नव्हती. दुसरे असे की, पद रचणारा एक आणि गाणारा दुसरा. मुलाचा कंठ खरा, त्याची व्यथाही खरी. पण शब्द याचनेचे, आणि तेही त्याच्यासाठी कोणी लिहिलेले. याच सुमारास नाशिककडे काळारामाच्या दारी १९३० साली सत्याग्रह सुरू झाला, आणि भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे उभे राहिले. तेथे कवी, गायक आणि श्रोता एकाच वस्तीतले होते. त्या गाण्यात देवाकडे मागणे फारसे नव्हते. माणसांना विचारलेला जाब होता.

डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्यातच, मंडणगड तालुक्यात. तेव्हा कोकणाला हे दुसरे गाणे परके राहणे शक्य नव्हते. वाद्ये तर महारवाड्यात आधीपासूनच होती. अनेक गावांत लग्नाकार्याला आणि सणाउत्सवाला वाजविण्याचे काम त्यांच्याकडे असे. तो मान होता की वेठ, हे ज्याला विचाराल त्यावर अवलंबून. वाजविणारा पुढे चाले आणि देवळाच्या आवाराशी थांबे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक वाड्यांनी हे गावकीचे वाजविणे सोडून दिले. गावोगाव यावरून रुसवे-फुगवे झाले, क्वचित त्याहून अधिकही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ढोल पुन्हा वाजू लागले, पण आता कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, आणि त्यांच्यापुढे नाचणाऱ्या पोरांना कोणत्याही आवाराशी थांबावयाचे नव्हते.