हाजिर मजलस ते प्रतिसरकार

साताऱ्याच्या प्रतिसरकारचा इतिहास सांगणारे बहुधा लुटीपासून सुरुवात करतात. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ लुटलेली पगाराची रेल्वेगाडी आणि १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यातील चिमठाण्याजवळ पळविलेला सरकारी खजिना या दोन घटना ऐकताना मुले डोळे विस्फारतात. उर्दू शाळेत याच विषयाला आम्ही ‘मुतवाजी हुकूमत’ म्हणतो. परंतु खरा विचार करण्याजोगा भाग या थराराच्या मागे राहतो. मामलेदार, फौजदार आणि कोर्ट बाजूला ठेवून खेड्यांनी आपला कारभार चालविला तो कसा?

त्या काळी आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले.

या मातीला एकत्र बसून निवाडा करण्याची सवय जुनी. मराठेशाहीतील तंटे गोतसभेत सुटत आणि निकालाचा कागद होई, त्याला ‘महजर’ म्हणत. हा शब्द अरबी ‘हुजूर’, ‘हाजिर’ यांच्याच कुळातला. जमलेल्या मंडळींना कागदात ‘हाजिर मजालसी’ म्हटलेले असते. पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारही साक्षीला असत आणि ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी काढी. कुणब्याची निशाणी नांगराची. आपला मुलाणी हाही गावगाड्याचा बलुतेदारच. तेव्हा गावकीचा निवाडा म्हणजे ‘त्यांची’ गोष्ट असे आपण समजण्याचे कारण नाही. मात्र त्या मजलशीत पाटलाचे आसन वर होते, महार-मांगांची जागा लांब होती आणि बाईला जागाच नव्हती.

ऑगस्ट १९४२ नंतर कराड, पाटण, तासगाव असे कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, त्यात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण शहीद झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरलाही रक्त सांडले. कचेरीवर चालून गेले की गोळी मिळते, एवढे लोकांना कळले. मग कचेरीची गरजच उरू नये अशी दिशा धरली गेली. नाना पाटील, किसन वीर, नागनाथ नायकवडी, जी. डी. बापू लाड, नाथाजी लाड अशी माणसे भूमिगत होती. त्यातच चळवळीचे नाव सांगून दरोडेखोर गरिबांची घरे लुटू लागले. पोलिसांकडे जायचे नाही आणि चोराला मोकळेही सोडायचे नाही, या पेचातून गावागावांत पथके उभी राहिली. १९४३ पासून त्याला सरकारचे रूप आले. सुमारे सहाशे गावांत त्याचा अंमल होता असे सांगितले जाते.

माझ्या मते या सरकारचे मोठे काम न्यायदान मंडळांचे. सुरुवातीला कार्यकर्तेच निवाडे करीत. पुढे गावाने निवडलेले पंच ते करू लागले. बांधाचे भांडण, सावकाराने दडपलेली जमीन, टाकून दिलेली बायको, सारे गावासमोर येई. वकील नाही, स्टँप नाही, तारखा नाहीत. वादी, प्रतिवादी आणि साक्षीदार एकाच वेळी हाजिर असल्यावर खोटे बोलणे अवघड जाते. आपल्या लोकांना कोर्टातील खेटे माहीत आहेत, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

लग्नेही तशीच, ‘गांधी पद्धती’ची. हार घालायचे, थोडे शब्द बोलायचे, खर्च नाममात्र. जी. डी. बापूंचे स्वतःचे लग्न १९४५ साली असेच झाले. निकाह तरी मुळात याहून निराळा काय आहे? कबुली, मेहर, दोन साक्षीदार. मांडव, बँड आणि जोडा-जहेज आपण मागाहून जोडले.

याच भागात एक दुसरा प्रयोग कायद्याने चालला होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेले तेच) यांनी १९३९ च्या जानेवारीत आपली सत्ता प्रजेला देऊन टाकली. मागे गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंतांचा आग्रह होता आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरची मेहनत होती. बहात्तर गावांचे ते संस्थान. प्रत्येक गावाने पाच पंच निवडायचे, त्यांतून तालुका आणि मग मध्यवर्ती सभा. मतदान बायकांनाही होते. म्हणजे वजन खालून वर जाणारे. कुंडल हे प्रतिसरकारचे मोठे केंद्र औंधच्याच हद्दीत होते हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. भूमिगतांना तेथे आडोसा मिळे आणि पंचायतीची सवयही तेथे रुजत होती.

तरी ‘सगळे समान’ असे चित्र रंगविणे खोटे होईल. तुफान सेनेत कॅप्टन होते, फील्ड मार्शल होते. लपून लढणाऱ्या दलाला हुकूम लागतोच. ‘पत्री सरकार’ हे नाव बैलाच्या खुराला ठोकायच्या पत्रीवरून लोकांच्या तोंडी बसले. खबऱ्यांच्या आणि गुंडांच्या तळपायांवर काठ्या बसत. अशा शिक्षेत एखादा निरपराध भरडला गेला तर दाद मागायची कोणाकडे? याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही. १९४६ मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, नाना पाटील चव्वेचाळीस महिन्यांनी उघडपणे लोकांत आले आणि न्यायदान मंडळे हळूहळू विरली. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ साली याच जिल्ह्यांत ब्राह्मणांची घरे जळाली. तेही माणसांचे एकत्र येणेच होते, पण तेथे कोणी प्रतिवादी हाजिर नव्हता आणि कोणी साक्ष विचारली नाही. गावात आपली पाच-दहाच घरे असतात, म्हणून जमाव आणि मजलस यांतला फरक आपण तरी विसरू नये.

आपल्या मोहल्ल्याच्या जमातीकडे या नजरेने पाहिले तर सामान चांगले आहे. इस्लाममध्ये पुरोहितशाही नाही. कुरआनात शूरा नावाची सूरहच आहे, तेव्हा मश्वरा आपल्याला परका नाही. गावोगावच्या मशिदींचे बांधकाम वर्गणीतून होते, हिशोब कोठे जुम्याला वाचून दाखवतात, कोठे मागितला तरी मिळत नाही. एकच घराणे पिढ्यान्‌पिढ्या सदर राहिलेल्या जमाती आहेत, तशा दर दोन-तीन वर्षांनी माणसे बदलणाऱ्याही आहेत. तलाकचे, मेहरचे, नांदवण्याचे तंटे या बैठकांतच येतात आणि कित्येकदा कोर्टापेक्षा लवकर सुटतात. औंधात १९३९ साली बाईला मत होते, प्रतिसरकारच्या पंचांपुढे ती स्वतः उभी राहून फिर्याद सांगत असे. आपल्या बैठकीत तिच्या वतीने भाऊ किंवा चुलता बोलतो आणि ती घरी बसून निकालाची वाट पाहते.