सुंसुमार, सुसर आणि गंगेतील सूंस

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा गोदावरीस मिळते. या नद्यांकाठी 'सुसर' या शब्दाने मगरीचाच बोध होतो. पालि वाङ्मयातील 'सुंसुमार'ही बहुधा मगरच. वानराच्या काळजाची हाव धरणाऱ्या पत्नीसाठी कपट करणारा जातककथेतील तो हाच. उलट, त्याच घराण्यातील हिंदी 'सूंस' म्हणजे गंगेतील डॉल्फिन. अर्थाची ही सरमिसळ उत्तरेतच झाली असली पाहिजे. परंतु तेथे प्रत्यक्ष प्राणी डोळ्यांसमोर असल्याने जुना अर्थही टिकला. गोदावरी खोऱ्यात डॉल्फिन नाही. येथे शब्द आला, तो मगरीचाच होऊन राहिला, असे आम्हांस वाटते.

हा विचार केवळ शब्दांच्या हौसेचा नव्हे. अशोकाने अभिषेकाच्या 26 व्या वर्षी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखातील अवध्य प्राण्यांत 'गंगापुपुटक' हे नाव आहे. अनेक अभ्यासक ते डॉल्फिनचे मानतात. यादीत त्याच्या मागेपुढे मत्स्यवाचक नावे असल्याने तो जलचर असणे संभवनीय आहे. तथापि एवढ्यावरून अशोकास डॉल्फिनचा पहिला रक्षक ठरविणे आम्हांस घाईचे वाटते. त्याच लेखातील दुसरी आज्ञा अधिक निःसंदिग्ध आहे. ठरावीक दिवशी मासे मारू अथवा विकू नयेत, आणि त्या दिवशी 'केवटभोगा'त, म्हणजे कोळ्यांच्या राखीव जलक्षेत्रांत, इतरही जीव मारू नयेत. येथे एका प्राण्याऐवजी सबंध जलाशयालाच अभय मिळते.

हा भेद महत्त्वाचा आहे. डॉल्फिन पुष्कळदा मरतो तो दुसऱ्या माशांसाठी लावलेल्या जाळ्यात. तो जवळजवळ आंधळा असून ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून वाट व भक्ष्य शोधतो. बारीक नायलॉनचे जाळे त्याला सहज उमगत नाही. श्वासासाठी वर येता आले नाही की तो गुदमरतो. शिवाय त्याचे तेल मासेमारीत आमिष म्हणून वापरले जाते.

1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिले, 1991 मध्ये बिहारात भागलपूरजवळ विक्रमशिला अभयारण्य झाले, 2010 मध्ये तो राष्ट्रीय जलचर म्हणून अधिसूचित झाला. 2021 ते 2023 या काळातील गणनेचा अहवाल 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 6,327 हा अंदाज आहे. पैकी सिंधू खोऱ्यातील बिआस नदीत अवघे 3. बंधाऱ्यांनी नदीचे तुकडे केल्यामुळे ते पाकिस्तानातील आपल्या मूळ समूहापासून तुटले आहेत.