चिंचोक्यांचा हिशेब

‘पैसे म्हणजे काय चिंचोके वाटले?’ असे उधळ्या मुलाला विचारण्याची मराठी घरांतील रीत जुनी आहे. चिंचोका म्हणजे ज्याला बाजारात मोल नाही ती वस्तू. परंतु आपल्या बैठ्या खेळांच्या इतिहासात दान टाकणे, सोंगटी होणे आणि जिंकल्याची गणती राखणे ही तिन्ही कामे या चिंचोक्याने केली आहेत.

१६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. या नगरात मराठी आणि कन्नड यांचा शेजार तेव्हापासूनचा. कन्नड घरांतील ‘चौकाबारा’ हा पंचवीस घरांचा पट मराठी माणसाला परका वाटत नाही. चारही कवड्या उताण्या पडल्या की चौका. चारही पालथ्या पडल्या की बारा, मात्र त्या ‘बारा’चे मोल आठ. कवड्या नसतील तर चिंचोके दगडावर घासून त्यांची एक बाजू पांढरी करावयाची, की दानाची सोय झाली. सोंगट्यांसाठी फुटक्या बांगड्यांचे तुकडे, खडे, बिया यांतून प्रत्येकाने आपापली निवड करावयाची. ही निवड वाटते तितकी सहज नव्हे. सोंगटी घरंगळता कामा नये, एका घरात दोन-तीन मावल्या पाहिजेत आणि मंद उजेडातही कोणती कोणाची हे कळले पाहिजे.

‘अळगुळी मणे’ या चौदा खळग्यांच्या फळीवर तर बी हीच सोंगटी आणि बी हाच गुण. काही प्रकारांत हरलेल्याने पुढील डावात जेवढे खळगे भरता येतील तेवढेच वापरावयाचे असतात. हिशेब कोणी लिहीत नाही. रिकामे राहिलेले खळगेच तो सर्वांसमक्ष मांडतात.

१८३१ साली इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार आपल्या हाती घेतला आणि सत्तेचे केंद्र बंगळूरला गेले. राज्यकारभार गमावलेल्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी म्हैसुरात कलांना आश्रय दिला, नवे पट रचले, गंजिफांचे नवे प्रकार योजले. ‘श्रीतत्त्वनिधी’च्या ‘कौतुकनिधी’ या भागात त्या गंजिफांचे वर्णन आहे. राजाचा खेळ ग्रंथात राहिला. त्याच काळी ओसरीवर बायकामुलांनी मांडलेले डाव मात्र संध्याकाळी केरसुणीबरोबर नाहीसे झाले. खडूचा पट पुसला गेला, चिंचोके डब्यात परतले. संग्रहालयात हस्तिदंती सोंगटी सापडते, घासलेला चिंचोका क्वचितच.

या विस्मरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील जुगाऱ्याच्या सूक्तात फासे आहेत ते बेहड्याच्या फळांचे. म्हणजे तीही रानातून फुकट मिळणारी वस्तू. तिच्यावर घरदार लावले गेले तेव्हा संसार मोडला. पांडवांच्या द्यूताची कथाही तीच आहे. ओसरीवरच्या डावाला बाहेरचे काही बांधलेले नव्हते. हरणाऱ्याचे नुकसान मूठभर बियांचे, आणि तेही डाव संपेपर्यंत. म्हणून सासूला सुनेकडून हरणे जड जात नसे आणि नातवाला आजीशी भांडता येत असे.

आज तयार संच विकत मिळतात आणि ते देखणेही असतात. त्यांतील एक सोंगटी हरवली की डाव खोळंबतो. जुन्या घरात अशा वेळी कोणीतरी उठून चिंचेच्या बरणीत हात घालीत असे.