तबकडीवर नसलेली नावे

एखादे जुने चित्रपटगीत लागले की आपण गायकाचे नाव चटकन सांगतो, संगीतकाराचेही सांगतो, आणि घरात कोणी वडीलधारे दर्दी असले तर ते कवीचे नाव सांगून आपल्याला लाजवतात. पण मुखडा संपल्यावर आणि अंतरा सुरू होण्यापूर्वी दहा-पंधरा सेकंद जे वादन चालते, ज्याला वादक मंडळी नुसते 'पीस' म्हणतात, ते कोणाच्या हातचे, असे विचारले तर सारे घर गप्प होते. मौज अशी की पुष्कळदा गाण्याचे शब्द विसरले जातात आणि तो पीसच ओठांवर राहतो.

ह्या अनाम तुकड्यांमध्ये मला सर्वांत अधिक वेड लावले ते हवाईयन गिटारने. नेहमीची गिटार वादक छातीशी धरतो आणि डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबतो. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तिच्या तारा पट्टीपासून उंच उचललेल्या असतात. त्या दाबायच्या नसतातच. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून फिरते आणि उजव्या हाताच्या बोटांतल्या नख्या तारा छेडतात. त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर उडी पडत नाही, सूर घसरत जातो. आपल्या शब्दांत सांगायचे तर ती मींड होय. आपल्याकडे विचित्र वीणेवर काचेचा गोळा फिरवून हेच करीत आले आहेत, दक्षिणेत गोट्टुवाद्यावरही हेच. म्हणूनच हे परदेशी वाद्य आपल्या कानांना परके वाटले नसावे.

ह्या वादनाचा उगम पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांत. ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने १८८९ च्या सुमारास तारांवर धातूचा तुकडा फिरवून हा सूर काढला, असे सामान्यतः मानतात. १९०४ मध्ये तो अमेरिकेत गेला, आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या महाप्रदर्शनाने हवाईचे संगीत अमेरिकेत घरोघरी नेले. १९३२ च्या सुमारास पहिली यशस्वी विजेची गिटार बाजारात आली, ती हीच मांडीवरची गिटार होती. तळणाच्या तव्यासारखा आकार असल्यामुळे लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत.

तेथून ह्या वाद्याच्या दोन वाटा झाल्या. एक वाट अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतल्या 'कंट्री' गाण्यांत शिरली. दुसरी आपल्याकडे आली. टाऊ मो हे हवाईयन वादक आपल्या कुटुंबासह १९४० च्या दशकात काही वर्षे कलकत्त्यास राहिले, आणि पुढे त्या शहराने सुनील गांगुलींसारखे वादक दिले. मुंबईत लखनौहून आलेले व्हॅन शिप्ले होते. पुण्याचे एनॉक डॅनियल्स अॅकॉर्डियनवर आणि शिप्ले गिटारवर, अशा दोघांनी चित्रपटगीतांच्या धुना वाजवून तबकडीवर आणल्या. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, आणि दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या मिनिटांत अशा धुना कित्येक घरांत शिरल्या. माझ्या वयाच्या मंडळींनीही लहानपणी त्या ऐकल्या आहेत. त्या वाजू लागल्या की बातम्यांना किती वेळ आहे, ते आईला घड्याळ न पाहता कळे.

धुनेच्या तबकडीवर वादकाचे नाव असे. तो तिथे मुख्य कलावंतच होता. गाण्याच्या तबकडीची गोष्ट निराळी. तिच्यावर चित्रपटाचे, गायकाचे, संगीतकाराचे नाव येई. पीस मात्र निदान तीन माणसांचा असतो: संगीतकार कल्पना देतो, संयोजक तो स्वरलिपीत उतरवतो आणि वादक त्यात प्राण घालतो. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर ह्यांच्या गाण्यांचे संयोजन करणारे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा किती घरांना ठाऊक होते? १९६५ च्या 'मेरे सनम' चित्रपटातले 'पुकारता चला हूँ मैं' आठवा. त्यातल्या हवाईयन गिटारला जाणकार हजारा सिंग ह्यांचे नाव देतात. ते नाव टिकले ते माणसांच्या तोंडी.

पूर्वी गायकांचीही हीच स्थिती होती. १९४९ च्या 'महल'मधले 'आयेगा आनेवाला' तबकडीवर आले तेव्हा गायिका म्हणून नाव छापले होते 'कामिनी'. ते तर पडद्यावरच्या पात्राचे नाव! श्रोत्यांनी रेडिओकडे चौकशी मांडली आणि मग लता मंगेशकर हे नाव उजेडात आले. ह्या प्रसंगाकडे आपण लताबाईंच्या चरित्रातली एक गंमत म्हणून पाहतो. मला त्यात इतिहासाचा धडा दिसतो. नाव आपण होऊन छापले गेले नाही. ऐकणाऱ्यांनी विचारले म्हणून ते मिळाले. वादकांबद्दल आपण तसे विचारलेच नाही.

परंतु विचारण्यापूर्वी वाद्य तरी ओळखता आले पाहिजे, आणि तेथेच कान फसतो. १९५४ च्या 'नागिन'मधली पुंगी कोणाला आठवत नाही? ती पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या पेटीवर तो सूर काढला होता आणि जोडीला रवी ह्यांची हार्मोनियम होती. तेव्हा ओळखीच्या काही खुणा सांगतो. हवाईयन गिटारचा सूर छेडल्याबरोबर उमटतो आणि मग विरत जातो. क्लॅव्हिओलिनचा सूर बोट उचलेपर्यंत तसाच भरलेला राहतो. व्हायोलिनही घसरते, पण तिथे गजाचा अखंड ओघ असतो, नखीचा टणत्कार नसतो. आणि दोन-तीन सूर एकत्र, एकाच अंतराने, हातात हात घालून वर-खाली सरकले, तर समजावे की कांडी आहे.

ह्या खुणा मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या नेरूळच्या वसाहतीत ऐंशीच्या घरातले एक काका आहेत. तरुणपणी गिरगावातल्या गणेशोत्सवांत ते हौशी वाद्यवृंदात हवाईयन गिटार वाजवीत. मुलांबरोबर खाडीपलीकडे आले तेव्हा गिटार आणि तबकड्या एवढेच सामान त्यांनी स्वतः उचलून आणले. एकदा मी मोठ्या आत्मविश्वासाने एका पिसाच्या वादकाचे नाव सांगू लागलो. ते हसून म्हणाले, "मास्तर, ऐकून नाव सांगू नका. आधी तुकडा बसवून बघा."

तुकडा बसवण्याची त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. जुन्या चेंजरवर ७८, ४५, ३३ आणि १६ असे चार वेग असत. ३३ ची तबकडी १६ वर लावली की वेग निम्मा होई आणि सूर बरोबर एक सप्तक खाली येई. पीस ओळखीच्या स्वरांतच राही, फक्त खर्जात आणि सावकाश. पण ४५ ची तबकडी ३३ वर लावली, तर सूर पेटीच्या पाच पट्ट्या आणि वर थोडा, असा उतरे. मग साऱ्या तारा त्या अधल्यामधल्या सुराला जुळवून घ्याव्या लागत. चार सेकंदांच्या जागेसाठी रात्र जाई. आज हातातला फोन सूर न उतरवता वेग कमी करतो, आणि काकाही तोच वापरतात. पण पहिला सूर कोणत्या तारेवर धरला असेल, हा प्रश्न अजून फोन सोडवत नाही. तो त्यांची कांडीच सोडवते.

ह्या बसवण्यातूनच एक मोठा शोध कसा लागला, ते अमेरिकेत पाहायला मिळते. तेथील कंट्री गाण्यांत डॉन हेल्म्स ह्यांच्यासारखे वादक साध्या पोलादी गिटारवर वाजवीत. हँक विल्यम्सच्या गाण्यांतली ती आर्त गिटार त्यांचीच. १९५४ मध्ये वेब पियर्स ह्यांचे 'स्लोली' हे गाणे गाजले. त्यातल्या पिसात एक सूर जागच्या जागी थांबे आणि त्याच्या सोबतचा दुसरा सूर वाजतावाजता वर सरके. इतर वादकांनी कांडी सरळ धरून पाहिली, तिरकी धरून पाहिली; तो सूर साधेना. हाताला जमत नाही म्हणजे वाद्यच वेगळे असले पाहिजे! आणि ते होतेच. वादक होते बड आयझॅक्स, आणि त्यांच्या गिटारला पायाने दाबायचे पेडल होते. ते दाबले की तार वाजत असतानाच ताणली जाई. त्यानंतर वादकांनी आपापल्या गिटारींना पेडल जोडून घेतले. आज नॅशव्हिलच्या पद्धतीत दहा तारा, तीन पेडल आणि शिवाय गुडघ्याने हलवायच्या पट्ट्या असतात. एका पिसाचे कोडे सोडवताना एक वाद्यच रूढ झाले.

आपल्याकडे नावांची दाद अगदीच लागली नाही, असे नाही. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' ह्या तबकडीवर शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्या बरोबरीने गिटारवादक ब्रिजभूषण काब्रा ह्यांचे नाव आहे, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत. वादक नावानिशी समोर आले, म्हणून काब्रांच्या वाटेने पुढच्या पिढीला जाता आले. विश्वमोहन भट्टांना १९९४ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले ते तारांवर कांडी फिरवूनच. चित्रपटांच्या वाद्यवृंदातल्या मंडळींसाठी ग्रेगरी बूथ ह्या परदेशी अभ्यासकाने मुंबईत येऊन वादकांच्या मुलाखती घेतल्या आणि २००८ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी व्हॅन शिप्ले गेले. पुस्तक वेळेवर आले म्हणायचे. पण पुष्कळांच्या बाबतीत ती वेळ कधीच टळून गेली आहे.

शाळेत मी मुलांना सांगतो की शिलालेखावर राजाचे नाव असते, तो कोरणाऱ्या पाथरवटाचे क्वचितच असते. तो पाथरवट आता विचारूनही सापडणार नाही. आपले वादक मात्र कालपरवाचे आहेत. त्यांच्या शेजारी बसून वाजवलेली माणसे गिरगावात, दादरला, म्हापशात, वाशीत आजही भेटतील. काही वर्षांनी भेटणार नाहीत. काकांनी आपल्या तबकड्यांच्या कागदी पाकिटांवर पेन्सिलीने नावे लिहून ठेवली आहेत. ज्याची खात्री आहे त्याचे नाव, आणि जिथे शंका आहे तिथे प्रश्नचिन्ह. यंदा फराळाला घरात चार पिढ्या जमतील तेव्हा एखादे जुने गाणे लावा, मधल्या पिसापाशी ते थांबवा आणि आजोबांना विचारा, हे कोणी वाजवले? उत्तर आले तर लगेच लिहून ठेवा, आणि खात्री नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह घाला.