वडील किंवा आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, पण नेमके कुठे? नोंदी अशा शोधा

सातारा, रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर. या भागातल्या कितीतरी घरांत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "आमचे आजोबा जर्मनच्या लढाईत होते." पण कुठल्या पलटणीत, कुठल्या देशात, किती वर्षं, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आजोबा स्वतःहून बोलले नाहीत आणि ते होते तोवर विचारायचं कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी भारतीय सैन्याची संख्या २५ लाखांच्या आसपास गेली होती. भरती झालेल्या शिपायाचं नाव, नंबर आणि गाव कुठेतरी लिहिलं गेलंच.

पहिला गैरसमज म्हणजे, हे सगळं लंडनला असणार. तर नाही. भारतीय सैन्यातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बऱ्याच नोंदी तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. साध्या शिपायाचे कागद मात्र भारतातच, त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे राहिले. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, बॉम्बे सॅपर्ससाठी पुण्याजवळचं खडकी. महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावलाच उभी राहिली, पण तिचं केंद्र आता मध्य प्रदेशातल्या सागरला आहे.

पण नुसतं नाव घेऊन तिथे गेलात तर हात हलवत परत याल. एकाच नावाचे डझनभर शिपाई असतात. हवा असतो तो सर्व्हिस नंबर.

तो सापडतो घरातल्या जुन्या ट्रंकेत. डिस्चार्ज बुक मिळालं तर अर्धं काम झालं. ते नसेल तर पदकं बघा. ब्रिटिश शिपायांना या युद्धाची पदकं नाव न कोरता मिळाली, भारतीय शिपायांच्या पदकांवर मात्र नाव-नंबर कोरलेला असतो. सहा टोकांच्या 'स्टार'च्या मागच्या बाजूला, गोल पदकाच्या कडेवर. भिंग घेऊन बघा, आणि कृपा करून चिंच लावून घासू नका. अक्षरं झिजतात.

पदक स्वतःही बोलतं. आफ्रिका स्टार असेल तर १९४० ते १९४३ मधली आफ्रिकेची आघाडी, इटली स्टार म्हणजे जून १९४३ नंतरची इटली, बर्मा स्टार म्हणजे जपान्यांविरुद्धची लढाई. घरात "बगदादला होते" असं सांगत असतील आणि हातात इटली स्टार असेल, तर दोन्ही खरं असू शकतं. बऱ्याच तुकड्या इराकमार्गेच पुढे गेल्या.

ट्रंक भंगारात गेली असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. युद्ध संपल्यावर हजारो शिपायांना पेन्शनशिवाय घरी पाठवलं गेलं. अशा माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मानधन देतं. आजीने कधी अर्ज केला असेल तर त्या फाइलमध्ये नंबर असण्याची शक्यता बरीच आहे.

नंबर मिळाला की रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. नंबर, हुद्दा, शिपायाच्या वडिलांचं नाव, गाव आणि तुमचं नातं सांगणारा पुरावा जोडा. गावाचा जिल्हा तेव्हाचा लिहा. रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता, कोल्हापूर संस्थान होतं. इंग्रजी स्पेलिंगचीही तीच तऱ्हा. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या नामदेव जाधवांचं आडनावसुद्धा इंग्रजीत वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, मग बाकीच्यांचं काय!

युद्धात कामी आलेल्यांचा शोध त्यामानाने सोपा आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं आणि अनेक नोंदींत वडिलांचं, पत्नीचं, गावाचं नाव असतं. थडगं नसेल म्हणून थांबू नका, दहन झालेल्यांची नावं वेगळ्या स्मारकांवर आहेत. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. त्यांचं नाव कसिनोच्या स्मारकावर आहे.

सर्व्हिस रेकॉर्डमधून तारखा कळतात, त्या दिवशी काय घडलं ते नाही. त्यासाठी 'वॉर डायरी', म्हणजे बटालियनच्या अधिकाऱ्याने रोज लिहिलेली टिपणं. कागदावर ३/५ दिसलं तर ती ५ व्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन, जी १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनला आणि पुढे इटलीत लढली. या डायऱ्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. इटलीच्या डब्ल्यूओ १७० या मालिकेत, बर्माच्या डब्ल्यूओ १७२ मध्ये. तिथे कुणी भाचा-पुतण्या राहत असेल तर त्याला एक दिवस पाठवा, वाचनकक्षात स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढायला पैसे पडत नाहीत. डायरीत साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं. पण पाऊस किती होता, कुठली नदी ओलांडली, त्या रात्री किती माणसं परत आली नाहीत, हे असतं.