लिहित्या हाताचा विसावा

संगणकावर काम करणाऱ्यांचे हात दुखतात, ही तक्रार आता नवी राहिलेली नाही. मात्र हे दुखणे संगणकानेच जन्माला घातले, अशी जी समजूत रूढ झाली आहे तिच्याविषयी आमचा थोडा मतभेद आहे. लिहिणाऱ्याचा हात पूर्वीही दुखत होता. संगणकाने त्या हाताला कामाच्या ओघात आपोआप मिळणारा विसावा काढून घेतला. हे ध्यानात घेतल्यावाचून उपायांची चर्चा वरवरचीच राहते.

दुखणे जुने आहे याची साक्ष भाषाच देते. हात भरून येणे, बोटे आखडणे, मनगट धरणे हे शब्दप्रयोग कळफलकाच्या कितीतरी आधीचे आहेत. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने कारागिरांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या 1713 च्या आवृत्तीत लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण घातले. सतत बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि हिशेब चुकू नये म्हणून मनावर येणारा ताण, अशी तीन कारणे त्याने दिली. त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला, तर काही काळाने तोही हात त्याच वाटेने गेला. तीनशे वर्षांपूर्वीचे हे निदान आजच्या कोणत्याही कार्यालयात जसेच्या तसे लागू पडावे!

आपल्याकडे याच सुमारास कारकुनी मोडीत चालत होती. मोडी हेमाडपंताने आणली ही परंपरेची समजूत. अभ्यासकांत तीविषयी एकमत नाही. तिची घडण मात्र स्वच्छ दिसते. आधी पानभर शिरोरेघ आखून घ्यायची आणि मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता अक्षरे ओवत जायची. इकार-उकारांतला ऱ्हस्वदीर्घ भेदही लिहिताना पाळायचा नाही. बाळबोधीत अक्षरागणिक हात थांबतो, उचलतो, पुन्हा टेकतो. ते सारे थांबे मोडीने गाळले. वेग वाढविण्यासाठी लेखणीला थांबू न देण्याची कल्पना आपल्या दप्तरांनी इतक्या आधी अमलात आणली होती. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात, म्हणजे आजच्या भंडारा जिल्ह्याच्या मुलुखातही, कागद याच लिपीत फिरत. ते राज्य 1854 मध्ये खालसा झाले, तरी मोडी लगेच सुटली नाही.

पण मोडीने जे हिरावले ते बोरूने परत दिले. बोरू चार शब्दांनी कोरडा पडतो. तो दौतीत बुडवावा लागतो. टोक बोथटले की चाकूने तासावे लागते. ओली शाई टिपण्यासाठी वाळू भुरभुरावी लागते. हे विसावे कारकुनाच्या सोयीसाठी कोणी ठेवले नव्हते. साधन ओबडधोबड होते, म्हणून ते मिळत.

टंकयंत्राचेही तसेच. ओळ संपली की घंटा वाजायची, डाव्या हाताने दांडा ओढून कॅरेज मागे न्यायची. कागद बदलायचा, फीत फिरवायची, एकमेकांत अडकलेल्या दोन खिळ्यांना बोटाने सोडवायचे. कळांवर जोर फार लागे, हे खरेच. पण हात सारखा जागा बदलत राही. बोटांच्या दुखण्याला कायद्याची मान्यता मिळाली ती मात्र तारायंत्राच्या कामात. तारबाबूंच्या हाताला येणारे पेटके 1908 मध्ये ब्रिटनमध्ये भरपाईस पात्र अशा रोगांच्या यादीत गेले. पुढे 1911 च्या सरकारी चौकशीने त्यात कामगाराच्या मज्जातंतूंच्या दुर्बळतेचाही वाटा शोधून काढला. दुखणाऱ्याच्याच स्वभावात खोट पाहण्याची ही रीत अजून गेलेली नाही.

संगणकावर ओळ आपोआप खाली उतरते. शाई नाही, घंटा नाही, कागद बदलणे नाही. हात मात्र तासन्‌तास एकाच उंचीवर अधांतरी राहतो. खांद्याचे स्नायू आवळलेले, मनगट वर वाकलेले, आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर त्याच त्या मार्गाने सरकत राहतात. त्यात मराठीची स्वतःची भर आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकाची रचना ध्वनिशास्त्राला धरून केलेली: स्वर डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे. रचना सुंदरच आहे. पण ख, घ, थ, ध, भ असे महाप्राण वर्ण शिफ्ट दाबल्यावाचून उमटत नाहीत. साधा ‘भाषा’ हा शब्द लिहायचा तर डाव्या करंगळीला दोनदा ताणावे लागते. भाषेच्या प्राध्यापकांची करंगळी का ठणकते, हे वेगळे सांगायला नको.

उपाय सर्वांना ठाऊक आहेत: मनगट सरळ, कोपर अंगालगत, खांदे सैल, पडदा डोळ्यांच्या पातळीवर, आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने उठणे. बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा पकड ढिली झाली, तर वैद्याकडे जाणे. यांतला उठण्याचा उपाय सर्वांत स्वस्त, आणि तोच सर्वांना परवडत नाही.

पवनी तालुक्यातील आसगावसारख्या गावाचा विचार करावा. हा धानाचा मुलूख. रोवणीत कंबर मोडणे येथे कोणी दुखण्यात धरत नाही. राज्यात 2011 मध्ये संग्राम प्रकल्प आला आणि ग्रामपंचायतींच्या खोल्यांत संगणक परिचालक बसले. रहिवासी दाखला, जन्माची नोंद, नमुना 8 हे सारे मानधनावरच्या त्या तरुण बोटांतून उमटू लागले. आम्हांला वर्गाच्या घंटेने तरी उठविले जाते. त्याच्यापुढे रांग असते. याच जिल्ह्यात तेंदूच्या पानांवर कित्येक घरे चालली. पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे. विडी कामगारांसाठी 1966 मध्ये कायदा झाला, कामाचे तास आणि विश्रांती त्यात ठरली. पण घरच्या ओसरीवर विड्या वळणारी बाई हात थांबवील तेव्हा मजुरीही थांबते. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी जी कळ येते, तिच्यात आणि परिचालकाच्या मनगटातल्या कळेत फार अंतर नसावे. फक्त एकीला टेबलखुर्ची मिळाली.

तेव्हा आमची सूचना अगदी किरकोळ आहे. ग्रामपंचायतीच्या खोलीत दर तासाला पाच मिनिटे काम बंद ठेवण्याचा नियम करावा, आणि तो दारावर लिहून लावावा. रांगेतले लोक कुरकुरतील. त्यांच्यासाठी बाहेर एक बाकडे आणि पाण्याचा माठ ठेवावा.